दुसरं बोलावणं

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, लोकांना बोलवायचं. पलूससारख्या गावात माझ्या वयाच्या बाईनं असं उत्तर दिलं की समोरच्याला वाटतं, ही बचतगटाची असणार, नाहीतर कुठल्यातरी पक्षाची. मी दोन्ही नाही. उभी नोकरी मी या भागातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात केली, आणि नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांपासून आजतागायत एका संगणकभाषेचा प्रचार करते आहे. पहिल्या कामानं पोट भरलं. दुसऱ्यानं काय केलं, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

त्या भाषेचं नाव मी मुद्दाम देत नाही. नाव घेतलं की जाणकार लगेच बाजू घेतात आणि बाकीचे पान उलटतात. मला दोघंही हवेत.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. यंत्राला काम सांगायचं तर ते ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या नियमांनी सांगावं लागतं. ते शब्द आणि नियम मिळून एक भाषा होते. अशा भाषा पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीमागे तिची माणसं असतात. ती जगभर विखुरलेली असतात. एकमेकांच्या अडचणी सोडवतात, भाषेतल्या चुका दुरुस्त करतात, नवख्याला हात धरून शिकवतात, आणि यातलं बरंचसं फुकट करतात. फुकट का, हे मी माझ्या बहिणीला सांगलीत बसून अनेकदा समजावलं. ती दर वेळी म्हणते, ‘तुला फसवतायत गं.’

कारखान्यात उसाची गाडी काट्यावर चढली की तिचं वजन थेट संगणकात यावं, ही सोय मी लिहिली होती. हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस गाड्यांची रांग, आणि माझा प्रोग्राम मुकाट्यानं चाललेला. चालतो आहे तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. एकदा बंद पडला तेव्हा मात्र चेअरमनपासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळे माझ्या खुर्चीमागे उभे होते. ती भाषा जाणणारी अख्ख्या कारखान्यात मी एकटी. साहेबांना निकाल हवा असायचा, तो कसा आला याच्याशी त्यांना कर्तव्य नसायचं.

प्रोग्राममध्ये अधूनमधून अशा ओळी लिहिता येतात ज्या यंत्र वाचतच नाही. त्या आपल्या मागून येणाऱ्या माणसासाठी असतात : इथे असं का केलं, तिथे काय सांभाळायचं. मी या ओळी मराठीत लिहायची. ‘पावसात काटा थोडा जड दाखवतो, घाबरू नये.’ ‘ही बेरीज दोनदा का केली ते काट्यावरच्या शंकररावांना विचारावं.’ कधी कामाचं नसलेलंही लिहायची. ‘आज चहा फार गोड होता.’ मागून येणारा माणूस काही आला नाही. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरीही संध्याकाळी ‘आज काय केलंस’ असं विचारणारं कुणी नव्हतं. माणूस आपल्या भाषेत बोलायचं किती दिवस थांबू शकतो? मी फार वर्षं थांबले.

मग त्या भाषेच्या जगभरच्या मंडळींपैकी काहींनी इंटरनेटवरून विचारलं, तुमच्या भागात, तुमच्या मराठीत ही भाषा पोचवाल का? मी लगेच हो म्हणाले. माझ्या हो म्हणण्यात उदात्त काही नव्हतं. मला एक माणूस हवा होता, हाकेच्या अंतरावरचा, ज्याला माझी एखादी ओळ दाखवून ‘बघ, कशी जमलीय’ असं म्हणता येईल. पण पत्रकात असं लिहिता येत नाही. तेव्हा काय लिहायचं, इथपासून सुरुवात झाली.

कराडला बसस्थानकामागे विलासचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, दहावा, दुकानाचं उद्‌घाटन, सगळ्यांना पुरून उरेल असा उत्साह त्याच्याकडे असतो. मी पहिला मजकूर नेला त्यात ‘क्लब’ असा शब्द होता. विलासनं माझ्याकडे आदरानं आणि काळजीनं पाहिलं.

‘आवं मॅडम, क्लब म्हणलं की लोकं पत्ते घिऊन येतील. आन् त्यांच्या मागनं पोलीस.’

‘क्लब’ खोडला. मग माझ्या डोक्यातल्या ‘कम्युनिटी’ या इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ घेऊन ‘समाज’ लिहिलं. पलूसच्या वाचनालयाची मागची खोली मला महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिळणार होती. तिथल्या सचिवांनी पत्रक वाचून विचारलं, ‘समाजाचा मेळावा आहे होय? कुठल्या समाजाचा?’ मी हसले. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. आवाज अगदी हळू. ‘मॅडम, आमी त्या समाजाचे न्हाई. आमी आलो तर चालंल का?’ तिला वाटत होता तो कुठला समाज, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. चालेल, नक्की चालेल, असं चारदा म्हणाले, तरी ती आली नाही. त्या संध्याकाळी मी उरलेली सगळी पत्रकं फाडली. नंतर वर नुसतं ‘दुसऱ्या रविवारची भेट’ एवढंच राहिलं.

विलासला हे नाव मिळमिळीत वाटलं. ‘खाली तरी नोकरीची हमी टाका की. समदे क्लासवाले टाकतात.’

‘मी हमी कशी देऊ, विलास?’

‘कोण द्या म्हणतंय? नुसती टाका.’

मी टाकली नाही. पलूसचे एक गृहस्थ मुलीला घेऊन घरी आले. मुलगी हुशार होती, तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. ते म्हणाले, ‘शिकली की लागंल न्हवं नोकरीला?’ मी म्हणाले, लागेलही. मी शब्द देऊ शकत नाही. ‘मग शिकायचं कशापायी?’ त्यांचं चुकत होतं असं नाही. त्यांनी चहा घेतला, मुलीनं जाताना मागे वळून पाहिलं, आणि पुढे ती दुसरं काहीतरी शिकली. खरं बोलण्याची ही पहिली किंमत.

खोटं बोलण्याचीही मोजली. तेव्हा मात्र बोलले मी नव्हते, विलास बोलला होता. कुंडलला एका शाळेच्या सभागृहात माझं प्रात्यक्षिक ठरलं. कुंडल म्हणजे कुस्तीचं गाव, मैदानाला तिथे पंचक्रोशी लोटते. विलासनं मला न विचारता फ्लेक्स छापला आणि चौकात लावला : ‘संगणकाच्या आखाड्यात बाकीच्या भाषा चितपट! या आणि बघा निकाली लढत!’ सभागृह भरलं. काही जण खरंच दोन पैलवान शोधत होते. पुढच्या रांगेत कराडच्या कॉलेजातले एक ज्येष्ठ सर हाताची घडी घालून बसले होते. त्यांनी उभा जन्म दुसरी भाषा शिकवली होती आणि त्यांचे विद्यार्थी कुठल्या कुठे पोचले होते.

मी नमस्कार करून बोलायला सुरुवात केली तोच ते उठले. ‘मॅडम, आधी निकाल सांगा. आमी इतकी वर्षं शिकवलं ते काय, माती खाल्ली?’

मी म्हणाले, ‘नाही सर. मी तुमच्याच भाषेत पहिला प्रोग्राम लिहायला शिकले.’

‘मग चौकात ते काय लावलंय?’

सर खाली बसले, पण त्यांची हाताची घडी शेवटपर्यंत सुटली नाही. लढत होत नाही म्हटल्यावर गर्दीही पांगली. दुसऱ्याची पाठ लावून आपली भाषा उभी राहत नाही हे मला माहीत होतं, ते विलासला आधी सांगायला हवं होतं. शेवटी सभागृहात मी, शिपाई आणि मागच्या बाकावर एक बाई एवढेच उरलो. बाई तिशीच्या पुढची. नाव छाया, गावातल्या दूध संकलन केंद्रात संगणकावर काम करायची. ती जवळ येऊन म्हणाली, ‘मॅडम, आमच्याकडं दुधाची फॅट बघून संगणक दर सांगतोय. ते त्याला कोण सांगतं?’

‘माणूस सांगतो.’

‘कुठल्या भाषेत?’

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी घाईघाईनं तिचा नंबर घेतला, मेसेज पाठवायच्या गटात घातला आणि म्हणाले, ‘दुसऱ्या रविवारी पलूसला या. अकरा वाजता.’ ‘येते की,’ ती म्हणाली. त्या रविवारी ती आली नाही, पुढच्या महिन्यातही नाही. मी तिच्या नावावर मनातल्या मनात काट मारली.

पत्रकातून खोडलेला तिसरा शब्द होता ‘सोपी’. याबद्दल लिहिताना अजूनही हात अडखळतो.

पत्रकात मी लिहिलं होतं, ‘अगदी सोपी भाषा, कुणालाही जमेल.’ यात मला काही वावगं दिसलं नव्हतं. कराडला इंजिनिअरिंग कॉलेजच्या काही मुलांसाठी मी शनिवारी बसायची, तिथे हे वाचून बिरू आला. आटपाडीकडचा. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, वडिलांनी थोडी शेती केली, आणि हा घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. बोलायचा कमी. पहिल्या दिवशी त्याचा प्रोग्राम चालला तेव्हा त्यानं पडद्याकडे असं पाहिलं की मला माझी पहिली वेळ आठवली. दुसऱ्या खेपेला गाडी अडली. बाकीची मुलं पुढे गेली. मी त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, ‘अरे, सोपं आहे, फक्त ही ओळ वर घे.’ त्यानं ओळ वर घेतली. तरी चालेना. मी दुसऱ्याकडे वळले. परत पाहिलं तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती.

काही आठवड्यांनी तो मला कराडच्या एसटी स्टँडवर दिसला. मी हाक मारली. तो थांबला, पण डोळे वर करीना.

‘येत का नाहीस रे?’

‘मॅडम, अवघड असती तर आलो असतो,’ तो म्हणाला. ‘अवघड जमलं न्हाई तर काय वाटत न्हाई. सोपी हाय म्हणलासा. सोपीबी जमंना म्हणजे आपल्यातच काय तरी कमी हाय.’

त्याची गाडी लागली होती. तो गेला. मी तिथल्या बाकावर कितीतरी वेळ बसून होते. आपल्या एका शब्दानं एक माणूस स्वतःला कमी समजू लागला होता, आणि तो शब्द मी त्याला धीर यावा म्हणून वापरला होता. त्यानंतर ‘सोपी’, ‘फक्त’, ‘नुसतं’ हे तिन्ही शब्द मी माझ्या पत्रकांतून आणि तोंडातून कायमचे काढले. तोंडातून काढायला जास्त वेळ लागला.

असं खोडत खोडत शेवटी जो मजकूर उरला तो असा : ‘संगणकाची एक भाषा. शिकायला वेळ लागतो. अडलं तर विचारायला माणूस आहे. दुसरा रविवार, सकाळी अकरा, वाचनालयाची मागची खोली. कुणीही यावे.’ यात एक अक्षर खोटं नव्हतं. कुणाला खाली पाडणारं नव्हतं, कुणाला भुलवणारं नव्हतं. परदेशातल्या मंडळींना मी याचा अर्थ कळवला तर त्यांनी कौतुक केलं आणि बाकीच्यांनाही असंच लिहायला सांगितलं. विलासनं मात्र तो वाचून टोपी काढली.

‘मॅडम, ही जाहिरात हाय का दुखवट्याची बातमी?’

त्यावर मी हसले खरी. पण आलं कुणीच नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी लवकर जायची, खोली झाडायची, खुर्च्या गोल मांडायची. गोल अशासाठी, की कुणी मागे बसू नये. लॅपटॉप लावायचा आणि दाराकडे तोंड करून बसायचं. पुढच्या दालनात लोक वर्तमानपत्र वाचायला यायचे, त्यांच्या चपलांचा आवाज व्हायचा. प्रत्येक वेळी मी सरळ होऊन बसायची. एकदा एक आजोबा थेट आत आले, मी उठून उभी राहिले, तर त्यांना स्वच्छतागृह हवं होतं. एक वाजला की मी खुर्च्या परत भिंतीला लावायची. या कामात एकटेपणाची सवय लागते असं लोक म्हणतात. मला लागली नाही. रिकाम्या गोलात बसण्यापेक्षा कारखान्यातला एकटेपणा बरा होता, तिथे निदान खुर्च्या तरी मांडलेल्या नसत.

शेवटी सचिव म्हणाले, ‘मॅडम, दिवाळीपर्यंत बघू. कुणी येणार नसेल तर योगाच्या वर्गवाले खोली मागतायत.’ त्यांचा आवाज मऊ होता, त्यामुळे जास्त लागलं. खोली गेली असती तर माझी वाट पाहायची जागाच गेली असती, आणि मग कुणी येण्याची आशा कुठल्या दाराकडे बघून धरायची?

त्याच सुमारास काट्यावरच्या शंकररावांची कुंडलला वास्तुशांत होती. तेही निवृत्त झाले होते. घरी येऊन कुंकू लावून आवतण देऊन गेले : ‘मंगळवारी दुपारी जेवाय यायचं.’ मी सांगलीत वाढलेली. दुपारी म्हणजे साडेबारा, असा हिशेब करून मी वेळेवर पोचले. मांडवात आचारी, शंकररावांची सून आणि मी. ‘लवकर आलासा मॅडम,’ सून म्हणाली आणि मला खुर्ची दिली. समोरच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, बिचाऱ्यांकडेही कुणी येणार नाही की काय.

थोड्या वेळानं आचाऱ्यानं खूण केली. शंकररावांचे धाकटे भाऊ डोक्याला टॉवेल गुंडाळून निघाले आणि गल्लीतून एकेका उंबऱ्यापाशी थांबत ओरडत गेले, ‘चलाऽ, जेवाय चलाऽ! ताटं वाढल्यात!’

आणि दारं उघडली. धुतलेली धोतरं, इस्त्रीच्या साड्या, भांग पाडलेली पोरं. सगळे तयार होऊन घरात बसले होते! बघता बघता मांडव भरला.

मी सुनेला विचारलं, ‘आवतण आधीच दिलं होतं ना?’

‘दिलं की. पर जेवायच्या वक्ताला परत बोलवाय लागतंय. त्याबिगर कोण येतंय? न बोलवता गेलं तर खायलाच टपलाय म्हणतील.’

मला पंगतीत बसवलं. शेजारी एक बाई येऊन बसली, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरला. ती छाया होती. मी विसरले नव्हते. बुंदी वाढून झाली. मग मीच म्हणाले, ‘तुम्ही आला नाहीत.’

‘तुमी बोलवलं न्हाई,’ छाया म्हणाली.

‘बोलवलं होतं की! इथेच, शाळेत. शिवाय दर महिन्याला मेसेज जातो.’

‘म्येसेज तर समद्यांनाच जातोय, मॅडम.’ तिनं ताटातला भात उगाच सारखा केला. ‘पयले तीन-चार महिने मी आवरून बसत हुते. धा वाजल्यापास्नं. सासूबाई म्हणायच्या, बाईनं परत बोलवलंय का? म्या म्हणायचे, न्हाई. मग त्या म्हणायच्या, न बोलवता कुठं निगालीस? ऐतवार घरातला सोडून जायचं तर कुणी तरी न्यायाय पायजे, न्हाई तर तोंड कुणाला दावायचं?’

माझा घास हातात राहिला. मी पलूसला दाराकडे तोंड करून बसले होते, आणि तिकडे कुंडलला ही लुगडं बदलून दाराकडे तोंड करून बसली होती. मध्ये रस्ता असून किती? दोघींच्या मध्ये होता तो माझा नेमका, निर्मळ, एकदाच पाठवलेला मजकूर. कुणाला भुलवायचं नाही म्हणून मी त्यातला सगळा आग्रहही काढून टाकला होता. मला रडू आलं. आमटी तिखट होती, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

पुढच्या दुसऱ्या रविवारी मी आधी खोलीवर गेले नाही. स्कूटर काढली आणि थेट कुंडल गाठलं. छायाच्या दारात उभी राहून, आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढून म्हणाले, ‘छायाऽ, चला! अकरा वाजत आले!’ शेजारच्या दोन दारांतून माणसं डोकावली. सासूबाई बाहेर आल्या. मला आपादमस्तक न्याहाळून आत वळून म्हणाल्या, ‘अगं जा की. बाई न्यायाय आल्यात, त्यांना काय उनात उबं करतीस?’ छाया तयारच होती.

पलूसला खोलीवर आणून मी तिला कारखान्यातला माझा जुना प्रोग्राम दाखवला. ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली आणि मध्येच थांबली. ‘हितं लिवलंय, आज चहा फार गोड हुता. हे संगणकाला कशापायी सांगितलं?’

‘ते त्याला नाही सांगितलं.’

‘मग?’

‘जो कुणी वाचेल त्याला.’

तिनं परत ती ओळ वाचली आणि म्हणाली, ‘मग साखर कमी टाकाय सांगायचं.’ ती ओळ इतकी वर्षं उत्तराची वाट पाहत होती आणि मला त्या दिवशी ते मिळालं. मी खूप हसले. सचिव काय झालं म्हणून बघायला आले, आणि खोलीचं पुन्हा कधी बोलले नाहीत.

त्यानंतर मी दर महिन्याला दोनदा बोलवायला लागले. आधी मजकूर, मग त्या दिवशी सकाळी दारात जाऊन, नाहीतर नावानिशी फोन करून. मजकुरातला एकही शब्द मी सैल केला नाही, आजही ‘सोपी’ म्हणत नाही. फक्त... बघा, आलाच हा शब्द. तर, दुसऱ्या बोलावण्यानंतर खोलीत चार-पाच जणी, दोन-तीन जण असा गोल भरू लागला. कराडचे ते सरही एकदा येऊन बसले. या वेळी हाताची घडी नव्हती. बिरूला मी फोन लावला. नंबर बंद होता. अजूनही अधूनमधून लावते.

ही गोष्ट इथे संपली असती तर दिवाळी अंकाला बरी दिसली असती. पण शिकलेलं माणूस आमच्या भागात टिकत नाही. एकेक जण पुण्याला, बंगळुरूला गेला. त्यात मी आनंद मानायला हवा आणि मानतेही. छायाच्या नवऱ्याला चाकणला काम लागलं, मागोमाग ती गेली. तिकडे तिनं एका छोट्या कंपनीत या भाषेचं काम मिळवलं. जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, ‘तुमी एकट्या पडशीला.’ मी म्हणाले, ‘मला सवय आहे.’ खोटं बोलायचं नाही हा माझा नेम त्या दिवशी मोडला.

गोल पुन्हा रिकामा झाला. नवीन कुणी येतं, दोन महिन्यांनी जातं. गेल्या दुसऱ्या रविवारी कुणीच नव्हतं. मी सकाळी सात-आठ जणांना फोन करून बोलावलं होतं. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाची ऊसतोड. मी खुर्च्या मांडून बसले.

दोन दिवस आधी छायाचा मेसेज आला होता. आता तीही बोलवायचं काम करते. रविवारी मोबाइलवरून सगळे एकमेकांना दिसतात, असा मेळावा भरवते. त्याच रविवारी अकराला बोलावलं होतं. मजकूर तिचा होता, खोडायची रीत माझी. त्यात हमी नव्हती, तुलना नव्हती, सोपं-अवघड नव्हतं. ‘अडलं तर विचारायला माणसं आहेत.’ ‘माणूस’चं तिनं ‘माणसं’ केलं होतं. मी तो मेसेज परत परत वाचला. जायचं मात्र मनात आणलं नाही. ती तरुण माणसं, त्यांना माझं काय काम? आणि मेसेज तर सगळ्यांनाच जातो.

सव्वाअकराला फोन वाजला.

‘मॅडम, कुठं हाय?’

‘वाचनालयात.’

‘कोण आलंय?’

‘कुणी नाही गं.’

‘माजा म्येसेज मिळाला न्हवं?’

‘मिळाला. छान लिहिलायस.’

‘मग आला का न्हाईसा?’

पुढच्या दालनात कुणीतरी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

‘मला ठावं हाय,’ छाया म्हणाली. ‘त्यापायीच फोन केला. चला मॅडम, समदी बसल्यात. तुमच्यासाठी पंगत थांबवलीया.’

मी एक खुर्ची टेबलाजवळ ओढली. मोबाइल वाचनालयाच्या जाड शब्दकोशाला टेकवून उभा केला, पदर सारखा केला, मेसेजमधल्या लिंकवर बोट टेकवलं, आणि आत गेले.